बैलाच्या जखमांचे फोटो पुरावा म्हणून कसे काढायचे? मदत हवी आहे (कोल्हापूर)

मंडळी, सल्ला पाहिजे. उसाचा हंगाम चालू आहे, आमच्या रस्त्यानं रोज बैलगाड्या कारखान्याकडं जातात (कुठला रस्ता ते मुद्दाम लिहीत नाही). त्यातल्या एका बैलाचा खांदा जू घासून पार सोललाय, माशा घोंगावतात, आणि मागच्या मांडीवर टोचल्याच्या बारीक खुणा, म्हणजे पराणीला (बैल हाकायच्या काठीला) आर, म्हणजे टोकदार खिळा, लावलेली असणार. गाडीवान उचल (आगाऊ पैसे) घेऊन आलेला गरीब माणूस, त्याला आत टाकावं असं काही नाही, पण बैलाला औषधपाणी आणि आराम तरी मिळावा म्हणून तक्रार देणार आहे. मोबाईलवर फोटो काढले तर कोर्टात चालतात का? माप कसं दाखवायचं? पोलिसांना व्हॉट्सॲप केले तर बास का?

प्रतिसाद:
भावा, आधी लांबनं अख्खा बैल गाडीसकट घे, मग मान-खांदा, शेवटी जखम. नुसता जखमेचा क्लोजअप असला की समोरचा वकील म्हणणार हा माझ्या अशिलाचा बैलच नव्हे. कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर वाचता येईल असा एक घे. जखमेचा एक फोटो तसाच, दुसरा शेजारी पट्टी धरून, पट्टी जखमेला टेकवू नको आणि मोबाईल सरळ समोर धर, तिरका धरला की माप फसवं येतं. सावलीत काढ, ओली जखम उन्हात नुसती चमकते. क्रॉप, फिल्टर काही नको. व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की बारीक होतो आणि तारीख-वेळेची माहिती उडते, त्यामुळं मूळ फाइल फोनमध्येच राहू दे. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे (डिजिटल पुराव्याचं, जुन्या पुरावा कायद्यातलं 65 ब), त्यात फोटोसोबत सर्टिफिकेट लागतं, भाग अ वर फोन ज्याच्या ताब्यात त्याची सही, भाग ब वर तज्ज्ञाची, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारा आकडा-अक्षरांचा कोड, फाइल बदलली की तोही बदलतो). तक्रारीत 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्याचं कलम 11 लिही. पण फोटोपेक्षा मोठं काम सरकारी पशुवैद्यकाच्या दाखल्याचं, जखम किती जुनी, कशानं झाली हे तेच लिहून देणार. गाडीवानाशी हुज्जत घालत व्हिडिओ काढू नको.

मूळ धागाकर्ता:
लई आभार. पण बिल्लाच नाही ओ त्याच्या कानात, मग?

प्रतिसाद:
मग शिंगांची ठेवण, कपाळावरचा चांद, भोवरे, रंग, दोन्ही बाजूंनी घे. आणि पोलिसांना पंचनाम्यात हे सगळं लिहायला लाव, लिहितो म्हणून सोडून देतात.