अकलूजची ‘सेत्ते’ आणि आमचा तांबडा रस्सा

गंगावेशकर:
वाईनच्या बाबतीत मी अगदीच नवखा आहे. मेहुण्यांनी फ्रातेली या वाईन कंपनीची ‘सेत्ते’ ही सोलापूर जिल्ह्यातील अकलूजची रेड वाईन फार कौतुकाने आणली होती. रविवारी दुपारभर बाटली स्वयंपाकघरातील ओट्यावर ठेवली आणि रात्री मटणाच्या ताटाबरोबर स्टीलच्या पेल्यांतून घेतली. जेवणाआधीच्या पहिल्या घोटाला सुक्या आलुबुखारसारखा छान वास होता; पण तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावल्यानंतर मात्र जिभेवर नुसती आग आणि तुरटपणा उरला. या वाईनचे कौतुक खरोखरच चवीचे आहे की किमतीचे, हे जाणकारांनी सांगावे.

बागायतदार, तासगाव:
कौतुक चवीचेच आहे, पण ती चव शांतपणे घ्यावी लागते. सेत्तेमध्ये सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यो या दोन काळ्या द्राक्षांचा मेळ आहे. सांजोवेझे हे इटलीतील टस्कनीचे द्राक्ष असून त्याचा आंबटपणा वाईनला तरतरी देतो, तर काबर्नेमुळे तिला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, येते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी (फळासाठी) करून फळ थंडीत पोसले जाते, कारण दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळाला तरच साखर भरतानाही आंबटपणा टिकून राहतो. वाईनचे द्राक्ष बिनबियांच्या थॉमसनसारखे खाण्याचे नव्हे. मणी लहान, साल जाड, आणि बी दाताखाली आले की तोंड आवळते. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळजवळ बिनरंगीच असतो. तो सालीसकट आंबवल्यामुळे रंग आणि तुरटपणा दोन्ही उतरतात, आणि पुढे ओकच्या पिंपात मुरताना तो तुरटपणा मऊ होतो.

खवय्या, राजारामपुरी:
गंगावेशकर साहेब, वाईनचा यात काही दोष नाही, जोडी चुकली. मद्यार्काने मिरचीची आग वाढते, आणि तुरट द्रव्ये लाळेतील प्रथिनांना धरून तोंड कोरडे करत असल्यामुळे तिखटाबरोबर दोन्ही त्रास एकदम जाणवतात. तांबडा रस्सा बाजूला ठेवून सुक्के मटण घ्यावे, तेही तिखट बेताचे आणि चरबीचे तुकडे असलेले, कारण चरबीमुळे तुरटपणा बोथट होतो. पांढऱ्या रश्श्याला मी तरी व्हाईट वाईनच देईन. दुसरे म्हणजे, रेड वाईन साध्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशांतला आहे. तिला १६ ते १८ अंश पुरतात. आपल्या ओट्यावर ती दुपारभर तापली की मद्यार्काचाच वास पुढे येतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. आणि कृपया काचेचा, तोंडाशी निमुळता पेला वापरावा. स्टीलच्या पेल्यात ताक प्यावे.

गंगावेशकर:
दोघांचेही आभार. उरलेली अर्धी बाटली बूच लावून फ्रीजमध्ये होती. ती आज, तिसऱ्या दिवशी, थोडा वेळ बाहेर ठेवून सुक्क्याबरोबर घेतली. आंबटपणा या वेळी लिंबू पिळल्यासारखा उपयोगी पडला आणि आलुबुखाराचा वास घास गिळल्यानंतरही रेंगाळला. शेवटच्या घोटात मात्र काळसर गाळ आला. तो चालतो का?

बागायतदार, तासगाव:
चालतो. मुरलेल्या रेड वाईनमध्ये रंग आणि तुरट द्रव्ये तळाशी बसतात. पुढच्या वेळी बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी, सावकाश ओतावी आणि शेवटचे बोटभर सोडून द्यावे.