मदत हवी आहे : मोतीबिंदूनंतरचे ड्रॉप्स आणि डोळ्याचं प्रेशर

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं. मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन एकत्र असलेले ड्रॉप्स दिलेत, दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत बंद करायचे. डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड, आणि त्याने काही जणांच्या डोळ्यातलं प्रेशर वाढतं. मामाला काचबिंदू आहे, म्हणून जास्त धाकधूक वाटते. प्रेशर वाढलं तरी सुरुवातीला दुखत नाही, दिसण्यातही फरक पडत नाही, म्हणजे आईला कळणार कसं? तुमच्या घरी कोणाला असं झालंय का? प्रेशर मधेच तपासलं होतं की कोर्स संपल्यावर? मामाचं डॉक्टरांना सांगणारच आहे, पण पुढच्या तपासणीला नेमकं काय विचारू?

दुसरं म्हणजे, आईचा हात थरथरतो. थेंब गालावर जातो आणि बाटलीचं टोक पापणीला लागतं. झोपवून, खालची पापणी ओढून मी घालते तेव्हा नीट जातो, पण दुपारी ती एकटीच असते. काही युक्ती?

आणि शेजारच्या काकू नातवाचे डोळे आलेत म्हणून हीच बाटली मागताहेत. विषाणूचा, विशेषतः नागिणीसारखा संसर्ग असेल तर स्टेरॉइडने बुबुळाला इजा होऊ शकते, म्हणून मी देणार नाहीये. त्यांना न दुखावता कसं सांगू?