प्रतिसाद: जिंकणं जमेल, माणसं टिकवणं?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये 'मैदानावर जिंकत राहा, वरची श्रेणी आपोआप मिळते' असं एक मत इथे मांडलं गेलं, ते मला अर्धंच पटलं. जेम्स मॅडिसन घ्या. व्हर्जिनियातलं हे विद्यापीठ २०२२ मध्ये एफसीएस या खालच्या श्रेणीतून एफबीएस या सर्वांत वरच्या श्रेणीत आलं. दुसऱ्याच हंगामात पहिले दहाच्या दहा सामने जिंकले! तरी वर आलेल्या नव्या संघांना संक्रमणकाळात बोल सामना (हंगामाअखेरचा मानाचा सामना) खेळता येत नाही, हा नियम आडवा आला. शेवटी बोलसाठी पात्र संघच कमी पडले म्हणून यांना बोलावणं आलं. तोवर प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी इंडियाना विद्यापीठाकडे निघून गेले होते, आणि त्यांच्यामागोमाग बरेच खेळाडूही. पुढच्याच वर्षी इंडियाना विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये. म्हणजे रोप यांनी वाढवलं, फळं दुसऱ्याच्या अंगणात.

ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंना विद्यापीठ बदलणं सोपं करणारी यंत्रणा) आल्यापासून खरी गोम इथेच आहे. बॉइसी स्टेट विद्यापीठ १९९६ मध्ये वर चढलं, तेव्हा चांगला पोरगा चार वर्षं हाताशी राहायचा. म्हणूनच २००७ च्या फिएस्टा बोलमध्ये त्यांनी ओक्लाहोमाला ४३-४२ असं लोळवलं, असं माझं मत.

पैशाचंही बघा. वर यायचं शुल्क पूर्वी ५ हजार डॉलर होतं, २०२३ मध्ये ते थेट ५० लाख केलं. (ही तर नुसती दारावरची पावती, शिष्यवृत्त्या आणि स्टेडियम वेगळंच.)

आणि हो, आयडाहो विद्यापीठाला कुणी विसरू नका. खर्च झेपेना, धड कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) मिळेना, म्हणून २०१८ मध्ये ते स्वतःहून खाली एफसीएसमध्ये परतले. तेव्हा बरीच टीका झाली. मला तरी तो निर्णय शहाणपणाचाच वाटतो.