‘सक्रिय नागरिक’ म्हणजे नेमका कोण?

परळकर: फ्रेंच राज्यक्रांतीवर शाळकरी मुलांसाठी टिपणं लिहितोय. १७९१च्या राज्यघटनेनं नागरिकांचे दोन वर्ग केले, त्यांना मराठीत ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ म्हणतात. शब्दाला शब्द बरोबर आहे. पण मुलांना वाटतं, सक्रिय म्हणजे वॉर्ड ऑफिसात जाऊन खड्ड्यांची तक्रार करणारा आणि निष्क्रिय म्हणजे मतदानाच्या सुट्टीत लोणावळा गाठणारा. दुसरा शब्द सुचवा.

गिरगावकर: मुलांना तसं वाटणारच, कारण तिथे कृतीचा काही संबंधच नव्हता. पंचवीस वर्षांवरचा पुरुष, वर्षभर एका ठिकाणी राहणारा, तीन दिवसांच्या मजुरीइतका थेट कर भरणारा आणि कुणाच्या घरी नोकर नसलेला, तो सक्रिय. असे सुमारे ४३ लाख निघाले. बाकीच्यांना कायद्याचं संरक्षण होतं, मत नव्हतं. १७८९मध्ये पॅरिसच्या बास्ती तुरुंगावर चाल करून गेलेल्यांतला एखादा कारागीर कर कमी पडला म्हणून ‘निष्क्रिय’ ठरला असेल, तर त्याला हा शब्द कसा लागला असेल बघा.

ही विभागणी आबे सियेस या पाद्री-राजकारण्याची. त्याच्या मते कर भरणारेच समाज नावाच्या मोठ्या उद्योगाचे खरे भागधारक. हा विचार दलाल स्ट्रीटवर आजही सहज खपेल.

मुलुंडकर: मग सरळ ‘मताधिकारी नागरिक’ आणि ‘मताधिकार नसलेले नागरिक’ म्हणा ना. दुसरा लांबतो, पण खरं सांगतो. आणि दादा, टिपणात बायका कुठे आहेत? कितीही कर भरला तरी त्या दुसऱ्याच वर्गात. ऑलँप द गूज या लेखिकेनं १७९१मध्येच स्त्रियांच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला, १७९३मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. फ्रेंच स्त्रियांना मताधिकार मिळाला १९४४ साली.

दादरकर: ताईंचा शब्द अर्थ सांगतो, पण लबाडी झाकतो. घटना करणाऱ्यांना ‘बिनमताचे’ असं उघड म्हणायचं नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी, २६ ऑगस्ट १७८९ला, माणसं जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांनी समान असतात असं हक्कांच्या मसुद्याच्या पहिल्याच कलमात लिहून बसले होते! म्हणून गुळगुळीत शब्द शोधला. तो गुळगुळीतपणा वाचकाला दिसायला हवा. माझं मत: ‘सक्रिय’ ठेवा, अवतरणात ठेवा, खाली एक ओळ द्या.

परळकर: आणि त्या १७८९च्या मसुद्याला ‘हक्कांची सनद’ म्हणू का? भारदस्त वाटतं.

दादरकर: नको. सनद वरून मिळते. इनामाची असो की वतनाची, देणारा धनी लागतो. इथे राजानं काही दिलं नाही. उलट तो मान्यतेला टाळाटाळ करत होता. ऑक्टोबरात पॅरिसच्या बायका व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या, तेव्हा कबूल झाला. ‘जाहीरनामा’च बरा.

गिरगावकर: सहमत. मुलांना जवळचं उदाहरण हवं असेल तर आपली मुंबई महापालिका घ्या. १८७२च्या कायद्यानं ६४ सदस्य ठरवले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. चाळीत भाड्यानं राहणारा गिरणी कामगार त्या हिशेबात कुठेच नव्हता. प्रौढ मताधिकारावर पालिकेची निवडणूक झाली ती थेट १९४८ला. आजही झोपडपट्टीला पाणी द्यायचा विषय निघाला की कुणीतरी ‘आम्ही करदाते नागरिक’ म्हणून उठतोच. सियेस काही मेलेला नाही.

मुलुंडकर: काका, शेवटचं वाक्य टिपणात घालू नका म्हणजे झालं, पालक येतील भांडायला. पण फ्रान्समध्ये ही अट किती टिकली?

गिरगावकर: फार नाही. १० ऑगस्ट १७९२ला राजेशाही कोसळली, लगेच झालेल्या निवडणुकीत कराची अट गेली, वय एकवीसवर आलं. घरनोकर मात्र तेव्हाही बाहेरच राहिले. धन्याच्या ताटाखालचं मांजर धन्याच्याच मर्जीनं मत देणार, असा समज. आपल्याकडे घरकाम करणाऱ्या मावशी मतदानाच्या दिवशी रांगेत पहिल्या असतात.

परळकर: ठीक. मथळ्यात ‘मताधिकारी नागरिक’ आणि मजकुरात अवतरणातला ‘सक्रिय’, कराच्या अटीसकट. नोकरांची ओळही घेतो. ‘पालिका’ परिच्छेद शिक्षकांवर सोडतो.