मित्रांसोबत बोटिंग आणि पब-फेरी एकाच दिवशी: आखणी कशी करावी?

पाणकोंबडा:
आम्ही आठ जण दिवसभरासाठी उघडी मोटरबोट भाड्याने घेतोय. वाटेत काठावर तीन पब, तिन्हींना धक्का आहे. जाऊन-येऊन 12 नॉटिकल मैल. भरती-ओहोटीचा फरक तीनेक मीटर, सूर्यास्त साडेसहाला. बोट दोघांना चालवता येते. वेळ कसा बसवू? आणि चालवणाऱ्याने एखादी बिअर घेतली तर चालेल का?

सुकाणू:
बिअर नाही. 5 टक्क्यांच्या 500 मिली बिअरमध्ये साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि शरीर तासाला 7 ते 10 ग्रॅमच जाळतं. म्हणजे एकीला दोन-तीन तास. कॉफीने किंवा तोंडावर पाणी मारून हा वेग वाढत नाही. त्यात ऊन, वारा आणि इंजिनाची थरथर यांनी न पिताही प्रतिक्रिया मंदावते. दोघांनीही दिवसभर दारूपासून लांब राहा. 'जाताना तू, येताना मी' हे करूच नका, कारण धक्क्याला लागताना एक जण सुकाणूवर आणि दुसरा शुद्धीत दोरावर लागतो.

वेळ: 5 नॉटने (म्हणजे ताशी 5 नॉटिकल मैल) 12 मैलांना सुमारे अडीच तास. तीन पब, प्रत्येकी एक तास. बांधणं-सोडणं आणि माणसं गोळा करणं यात दर थांब्याला 20 मिनिटं. झाले साडेसहा तास. अकराला निघा, साडेपाचला परत. उजेडाचा एक तास हाताशी राहतो. दुसऱ्या पबात उशीर झाला तर तिसरा सोडायचा, हे निघण्याआधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. तीन ग्लासांनंतर कोणी ऐकत नाही.

गाठमारे:
वेळ बरोबर, पण तुमची खरी परीक्षा धक्क्यावर आहे. भरती ओसरायला साधारण सहा तास लागतात, पण पाणी सारखं उतरत नाही: पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. तुमच्या तीन मीटरपैकी दीड मीटर त्या मधल्या दोन तासांतच जातं. पक्क्या धक्क्याला आखूड आणि ताठ दोर बांधून आत गेलात तर तासाभरात बोट दोरावर लटकते. कडेचा खुंटा उपटतो नाहीतर बोट कलंडते. म्हणून पुढचा आणि मागचा दोर बोटीपासून लांबच्या खुंट्यांना तिरके न्या, म्हणजे तेवढ्याच ढिलाईत बोट जास्त खाली उतरू शकते. शिवाय पुढे-मागे सरकू नये म्हणून दोन उलटसुलट तिरके दोर. धक्का तरंगता असेल तर ही काळजी नाही, तो पाण्याबरोबरच खाली-वर होतो.

फेंडर (बोट घासू नये म्हणून कडेला टांगायच्या उशा) धक्क्याच्या बाजूला किमान तीन, तेही लागण्याआधी लोंबकळलेले हवेत. वारा किंवा प्रवाह, ज्याचा जोर जास्त त्याच्या विरुद्ध तोंड करून हळू या. धक्का आणि बोट यांमध्ये पाय घालून बोट थोपवायची नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगा. हाडं अशीच मोडतात.

पाणकोंबडा:
पाण्याची खोली?

गाठमारे:
तासाभराने किती उरेल ते आधी काढा. नाहीतर बोट चिखलात बसेल आणि पुढच्या भरतीपर्यंत तुम्हीही.

निळी_लाट:
माझं मत वेगळं आहे: सकाळी बोट, चारला ती परत देऊन मग पब पायी. पिऊन बोटीत पाय ठेवताना धक्का आणि बोट यांमधल्या फटीत पडण्याचा धोका टळतो. बोटीनेच फिरायचं ठरलं, तर चढता-उतरताना प्रत्येकाच्या अंगावर बंद केलेलं लाइफ जॅकेट हवं, आणि हातात ग्लास किंवा पिशवी नको. एका वेळी एकच माणूस. किल कॉर्ड (चालवणारा पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी दोरी) चालवणाऱ्याच्या पायाला. कोणी पडलं तर आधी इंजिन बंद.

आणि एक गोष्ट हमखास सुटते. इंजिन चालू असताना मागच्या टोकाला कोणाला बसवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने डोकं दुखतं, मळमळतं, तोल जातो. बाकीच्यांना वाटतं 'चढली', आणि त्याला तिथेच झोपू देतात. अशा माणसाला लगेच मोकळ्या हवेत पुढे आणा, इंजिन बंद करा आणि मदत मागवा.