मदत हवी आहे: पीएचपी साइटवर जुनं मराठी बिघडलंय

दादरच्या आमच्या वाचनालयाची साइट, पीएचपी ८.१ आणि मायएसक्यूएल डेटाबेस. डेटाबेस कनेक्शनचा कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) लॅटिन१ होता तो मराठी चालणारा यूटीएफ८एमबी४ केला, तर नवीन पुस्तकं नीट दिसतात पण जुन्यांची नावं विचित्र लॅटिन अक्षरांत, आणि परत लॅटिन१ केला की जुनं ठीक आणि नव्याची प्रश्नचिन्हं! टेबल आधीपासून यूटीएफ८एमबी४च आहे, पेजवर कॅरेक्टर सेटचा मेटा टॅगही आहे, ते सांगू नका प्लीज. डबल एन्कोडिंग (आधीच यूटीएफ८ असलेला मजकूर लॅटिन१ समजून पुन्हा यूटीएफ८ होणं) झालंय हे कळलं, कॉपी टेबलवर लॅटिन१, मग बायनरी, मग यूटीएफ८एमबी४ असं कन्व्हर्ट करून जुन्या ओळी सुधारल्या, पण नव्यांची वाट लागली. आयडीवरून वेगळं करता येत नाही कारण मधल्या काळात काही जुन्या नोंदी एडिट झाल्यात. शेअर्ड होस्टिंग, डेटाबेस हाताळायला फक्त पीएचपीमायअ‍ॅडमिन, बॅकअप आहे. फक्त बिघडलेल्या ओळी पकडायला अपडेट क्वेरीच्या व्हेअर भागात नेमकी काय अट टाकू?