मदत हवी आहे: फक्त गाठ काढावी की गर्भाशयच?

मैत्रिणींनो, वय ४३, आणखी मूल नको आहे. सोनोग्राफीत ७ सेंटीमीटरचा फायब्रॉइड (कॅन्सर नसलेली गाठ) दिसला, गर्भाशयाच्या स्नायूत, थोडा आतल्या पोकळीकडे झुकलेला. पाळीत इतकं जातं की हिमोग्लोबिन ८ वर आलंय. लोहाच्या गोळ्या आणि पाळीपुरतं ट्रानेक्झामिक ॲसिड चालू आहे. त्याने रक्तस्राव कमी होतो, पण गाठ आहे तेवढीच.

डॉक्टर म्हणतात गर्भाशय काढा, बीजकोश ठेवू. दुर्बिणीतून नुसती गाठ काढता येईल, पण नवीन गाठी होऊ शकतात. तिसरा मार्ग एम्बोलायझेशन: मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. हा विषय मीच काढला, तर उत्तर जरा तुटकच मिळालं. ते काम रेडिओलॉजिस्टचं, म्हणून असेल (हे आपलं माझं मत).

रजोनिवृत्तीनंतर गाठी आक्रसतात म्हणून थांबावं, तर तोवर रक्त कुठून आणू?

एम्बोलायझेशन केलेलं कुणी आहे का? नंतरचं दुखणं कितपत होतं, पुढे पुन्हा काही करावं लागलं का? गर्भाशय काढलेल्यांनी, कामावर कधी परतलात तेही सांगा. काढे आणि चूर्णं मात्र सुचवू नका, प्लीज.